प्रागचा लोब्कोवित्स पॅलेस: म्युझियम आधी, कॉन्सर्ट नंतर

प्राग कॅसल बघायला जाणाऱ्या बऱ्याच जणांचा लोब्कोवित्स पॅलेस राहूनच जातो, कारण तो पार पूर्वेच्या टोकाला यिर्झ्स्का रस्त्यावर आहे, तिथवर पोचेपर्यंत पाय बोलायला लागलेले असतात आणि वर कॅसलच्या तिकिटात तो येत नाही. तिकीट वेगळं का, तर अख्ख्या कॅसलमध्ये खाजगी मालकीची ही एकच इमारत आहे, लोब्कोवित्स या जुन्या सरदार घराण्याची. माझं सांगणं एवढंच की हा उरल्यासुरल्या वेळात उरकू नका, अर्धा दिवस याच्यासाठीच काढा, आणि म्युझियम आधी बघून मग तिथेच दुपारी एकच्या पाश्चात्य शास्त्रीय संगीताच्या कॉन्सर्टला बसा. उलटं केलंत तर निम्मा आनंद जातो, का ते पुढे येईलच.

जायला २२ नंबरची ट्रॅम घ्या, स्टॉपचं नाव प्राझ्स्की ह्राद. कागदी तिकीट असेल तर ट्रॅममध्ये चढल्या चढल्या मशीनमध्ये घालून छापून घ्या, नुसतं खिशात ठेवलेलं तिकीट चालत नाही. या स्टॉपचा फायदा म्हणजे तुम्ही वरच्या बाजूने आत शिरता आणि सेंट व्हिटस कॅथेड्रलवरून पुढे पॅलेसपर्यंत उतारच लागतो, खालून पायऱ्या चढून आलात तर दम सगळा तिथेच जातो. गेटवर बॅगा तपासतात, गर्दीत रांग लागते, म्हणून लवकर निघा. रस्ते दगडी आहेत, चांगले मऊ बूट घाला. पैसे चेक कोरुनामध्ये, युरोच्या भरवशावर राहू नका, कार्ड सोबत ठेवा. म्युझियम आणि कॉन्सर्ट दोन्हीचं एकत्र तिकीट मिळतं, तेच घ्या.

म्युझियम दहाला उघडतं, तेव्हाच आत शिरा. बारा वाजता मेन गेटवर पहाऱ्याची अदलाबदल असते, ती बघायला म्हणून मधेच बाहेर पडलात तर सगळं वेळापत्रक कोलमडतं, ती दुसऱ्या दिवशी बघा.

ऑडिओ गाइड मात्र अजिबात सोडू नका. त्यात घरातलीच माणसं बोलतात, आपल्या पणजोबांबद्दल कुणीतरी सांगतंय असं वाटतं आणि या घराला सांगण्यासारखं खूप आहे. १६१८ मध्ये कॅसलच्या खिडकीतून कॅथलिक अधिकाऱ्यांना खाली फेकलं, ज्यातून पुढे तीस वर्षांचं युद्ध पेटलं, ते लोक जिवंत वाचले आणि त्यांना आसरा दिला तो याच घरात, पोलिक्सेना लोब्कोवित्स हिने. तिचं पोर्ट्रेट दिसलं की थोडं थांबा. नंतर १९३९ मध्ये नाझींनी सगळं काढून घेतलं, युद्धानंतर परत मिळालं, तर १९४८ मध्ये कम्युनिस्ट सरकारने पुन्हा जप्त केलं, आणि हा पॅलेस कुटुंबाच्या हातात परत यायला २००२ उजाडलं. म्युझियम २००७ मध्ये सुरू झालं. म्हणजे भिंतीवरचं एकेक चित्र दोनदा हातचं जाऊन परत आलेलं आहे, हे डोक्यात ठेवून बघा, बघणंच बदलतं.

चित्रांत दोन ठिकाणी खरा वेळ द्या. एक इटालियन चित्रकार कॅनालेट्टोची लंडनची दोन मोठी चित्रं, थेम्स नदी आणि तिच्यावरच्या होड्या, जवळ जाऊन एकेक माणूस बघा. दुसरं ब्रूगेलचं १५६५ चं गवत कापणीचं चित्र. वर्षभराच्या ऋतूंवर त्याने चित्रमालिका केली होती, त्यातली पाचच उरलीत, तीन व्हिएन्नात, एक न्यूयॉर्कला आणि एक इथे. खांद्यावर दाताळी घेऊन चाललेल्या तीन बायकांपैकी मधली थेट आपल्याकडे बघते, मी तिच्यासमोरून वीस मिनिटं हलले नाही. शस्त्रांची आणि चिनी मातीच्या भांड्यांची दालनं आवड असेल तर बघा, नाहीतर भरभर पुढे जा.

आता संगीताची खोली. या घराण्याचे सातवे प्रिन्स, योझेफ फ्रान्झ मॅक्सिमिलियन, यांनी संगीतावर एवढा पैसा ओतला की शेवटी कर्जात बुडाले. बेथोवेनने तिसरी सिम्फनी त्यांना अर्पण केली, पाचवी आणि सहावी त्यांना आणि राझुमोव्स्की या रशियन सरदाराला मिळून. १८०९ मध्ये बेथोवेन व्हिएन्ना सोडून निघाला होता तेव्हा तिघा सरदारांनी मिळून त्याला वर्षाला ४००० फ्लोरिन बांधून दिले, त्यातले ७०० यांचे. आपल्याकडे संस्थानिकांनी गवयांना राजाश्रय दिला, तसंच हे. काचेमागे त्या काळच्या स्वरलिप्या आहेत, बेथोवेनच्या हातच्या दुरुस्त्यांसकट, आणि हँडलच्या ‘मसाया’ या धार्मिक गायनरचनेची मोझार्टने नव्याने बांधलेली प्रतही. हे बघून तुम्ही लगेच त्याच घरातल्या हॉलमध्ये ऐकायला बसता, म्हणून म्युझियम आधी.

कॉन्सर्टला पंधरा-वीस मिनिटं आधी जा, पुढची जागा मिळाली तर उत्तम. कार्यक्रम साधारण तासाभराचा, वादक मोजकेच, हॉल छोटा, छतावर जुनं रंगकाम, त्यामुळे व्हायोलिनचा गज तारेला लागतानाचा आवाजसुद्धा ऐकू येतो. एक गोष्ट आपल्या लोकांसाठी, आपल्याला मैफिलीत जागच्या जागी दाद द्यायची सवय, इथे एकेक रचना दोन-तीन भागांची असते आणि मधल्या शांततेत टाळ्या वाजवत नाहीत, वादकांनी हात पूर्ण खाली घेतले की मग मनसोक्त वाजवा. फोन बंदच करा, सायलेंटवरची घरघरसुद्धा तिथे कळते.

नंतर पॅलेसच्याच कॅफेत गच्चीवर बसा, खाली सगळं प्राग पसरलेलं दिसतं. परत जाताना वर चढू नका, पूर्वेच्या गेटातून जुन्या पायऱ्या उतरल्या की मालोस्त्रान्स्का मेट्रो.

आणि पुढे व्हिएन्नाला जाणार असाल तर तिथेही याच घराण्याचा पॅलेस आहे, अल्बर्टिना या कलासंग्रहालयाच्या जवळ, आता तिथे थिएटर म्युझियम आहे. त्यातल्या हॉलला एरोइका हॉल म्हणतात, कारण १८०४ मध्ये बेथोवेनची तिसरी सिम्फनी, म्हणजेच ‘एरोइका’, प्रिन्सच्या ऑर्केस्ट्राने पहिल्यांदा वाजवून बघितली ती तिथे. ब्रूगेलची ती तीन चित्रंही त्याच शहरात, कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये, चालत जाण्याइतक्या अंतरावर.