पहिली पटकथा लिहिताना

मराठी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद ही तीन कामे वेगवेगळी नोंदवलेली असतात. नवशिक्याने सुरुवातीलाच ही विभागणी ध्यानात ठेवावी, कारण कथा सुचली की बहुतेकजण थेट संवाद लिहायला बसतात आणि मधली पटकथा, म्हणजे गोष्टीची दृश्यादृश्यांत केलेली मांडणी, राहूनच जाते. म्हणून आधी वनलाइन करावी, म्हणजे प्रत्येक दृश्यात काय घडते ते एकेका ओळीत क्रमाने लिहावे. एखादी ओळ खोडूनही गोष्ट अडत नसेल, तर ते दृश्य काढून टाकावे.

मग प्रत्येक दृश्याला शीर्षक द्यावे, जसे ‘४. बाह्य – एसटी स्थानक – रात्र’, म्हणजे दृश्याचा क्रमांक, ते आत घडते की बाहेर, जागा आणि वेळ. याच ओळींवरून एका जागेची दृश्ये एकत्र करून चित्रीकरणाचे वेळापत्रक आखले जाते, त्यामुळे एकदा ‘एसटी स्थानक’ लिहिल्यावर पुढे त्याच जागेला ‘बसस्टँड’ म्हणू नये.

शीर्षकाखाली वर्तमानकाळात कृती येते, आणि नवा लेखक सर्वाधिक चुकतो तो येथेच. ‘सुमनला आईची फार आठवण येते’ हे वाक्य कथेत शोभेल, पण कॅमेऱ्याला त्यातले काय दिसणार? त्याऐवजी ‘सुमन डब्याच्या फडक्याची गाठ सोडता सोडता थांबते आणि डबा तसाच पिशवीत ठेवते’ असे लिहिले, तर अभिनेत्रीला करण्यासारखे काही मिळते. मात्र ती गाठ आईने बांधली होती हे प्रेक्षकाला आपोआप कळत नाही. ते आधीच्या एखाद्या दृश्यात दाखवावे लागते, आणि पटकथा रचणे म्हणतात ते बरेचसे हेच. कॅमेऱ्याचे कोन दिग्दर्शकावर सोडावेत.

संवादासाठी पात्राचे नाव पानाच्या मध्याजवळ आणि त्याखाली दोन्ही बाजूंनी आत घेतलेला मजकूर, ही रूढ मांडणी आहे. इंग्रजीत नावे मोठ्या लिपीत लिहितात. देवनागरीत ती सोय नसल्याने नाव ठळक करावे. पानाचे दोन उभे भाग करून डावीकडे कृती व उजवीकडे संवाद लिहिण्याची पद्धतही आपल्याकडे आहे. निर्मात्याला कोणती हवी ते आधी विचारावे. डावीकडे बांधणीसाठी दीड इंच समास सोडावा.

‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा हिशेब १२ पॉइंटच्या कुरिअर टंकातील इंग्रजी पानाचा आहे, जिथे प्रत्येक अक्षर सारखीच जागा घेते. देवनागरीत तो जुळेलच असे नाही, म्हणून दृश्य मोठ्याने वाचून, कृतीला लागणारा वेळ धरून, घड्याळ लावून मोजावे.

मसुदा बाहेर पाठवण्यापूर्वी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद होऊन त्याची नोंदणी करून घ्यावी.