आखूड नळीच्या शिकारी रायफलचा धक्का कमी करताना या चुका टाळा

आखूड नळीची रायफल झाडीत वागवायला सोपी, पण वापरणाऱ्याची पहिली तक्रार ठरलेली: "फार लाथ मारते." तक्रार खरी असते, निदान मात्र बहुतेक वेळा अर्धवट. .३०८ विंचेस्टर या शिकारीच्या काडतुसाच्या रायफलची नळी २४ इंचांवरून १६ इंचांवर आणली तर गोळीचा वेग सेकंदाला साधारण ५० ते ६० मीटरने घटतो. म्हणजे गोळीमुळे बसणारा धक्का उलट थोडा कमीच व्हायला हवा. पण नळीबरोबर पाव किलोच्या आसपास वजनही जातं, आणि हलकी रायफल जास्त धक्का देते. शिवाय गोळी सुटते तेव्हा तिच्यामागच्या वायूचा दाब अजून बराच असतो आणि तो भसकन बाहेर पडतो. आवाज, ज्वाळा, तोंडावर आदळणारी हवा हे सगळं वाढतं, आणि शरीर या साऱ्याची मिळून एकच नोंद करतं: धक्का.

त्यामुळे खांदा दुखतोय की आपण आवाजाला दचकतोय, हे न तपासता पैसे खर्च करणं ही सगळ्यात मोठी चूक. आधी कानात बोळे घाला, वरून इअरमफ चढवा आणि बार काढून बघा. तेवढ्यानेच नेम सुधारला तर दोष खांद्याचा नव्हता. मग सोबत्याला खरी आणि डमी काडतुसं आपल्याला न दाखवता मिसळून भरायला सांगा. डमीवर चाप ओढताना नळीचं तोंड खाली झुकलं, तर बार होण्याआधीच आपण घाबरतोय हे उघड झालं. ही सवय कोणतंही उपकरण मोडत नाही. .२२ रिमफायरवर, म्हणजे जवळजवळ धक्का न देणाऱ्या छोट्या काडतुसाच्या रायफलवर, शांतपणे केलेला सराव मोडतो.

मझल ब्रेक: गुणी, पण महागात पडणारा

चांगला ब्रेक, म्हणजे नळीच्या तोंडावर बसवायचा भोकं असलेला तुकडा, धक्का ३० ते ५० टक्के कमी करतो, यात वाद नाही. पण वायू बाजूला आणि मागे वळवूनच तो हे काम करतो. म्हणजे आखूड नळीचा मूळ दोषच तो आणखी वाढवतो. कानाला इजा करू शकणाऱ्या क्षणिक आवाजाची मर्यादा १४० डेसिबल मानतात, आणि साधी शिकारी रायफल ब्रेकशिवायही ती सहज ओलांडते. ब्रेक लावून उघड्या कानांनी शिकारीला जाणं हा शुद्ध वेडेपणा आहे. शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याचेही कान त्यात जातात. कायद्याने मुभा असेल तिथे सप्रेसर (नळीच्या तोंडावर बसणारं, आवाज दाबणारं नळकांडं) जास्त शहाणपणाचा: वजन वाढतं, धक्का घटतो, आवाजही घटतो. नळी मुळात आखूड असल्याने एकूण लांबीही आवाक्यात राहते.

दोन्हींपैकी काहीही बसवा, आटे आणि भोकाचा व्यास नळीशी जुळतोय ना, ते बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून तपासून घ्या. किंचित तिरका बसलेला ब्रेक गोळीला घासतो. आणि बसवल्यावर झीरो, म्हणजे स्कोपचा (नेम धरायच्या दुर्बिणीचा) नेम आणि गोळी लागण्याची जागा यांचा मेळ, पुन्हा करा. गोळी पूर्वीच्याच जागी लागेल असं गृहीत धरू नका.

दस्ता आणि वजन

दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या भागाच्या, टोकाला लावलेल्या जाड रिकॉइल पॅडने (मऊ गादीने) ऊर्जा कमी होत नाही, ती जरा जास्त वेळात आणि जास्त जागेवर पसरते. फायदा खराच आहे. पण जुन्या पॅडवर नवा चढवला की दस्ता लांब होतो, जाड कपड्यांवर तो काखेत अडकतो आणि धक्का दंडाच्या हाडावर बसतो. लांबी मोजा, गरज असेल तर दस्ता कापून घ्या. उलट दस्ता फार आखूड असेल तर स्कोप भुवई फोडतो. स्कोप आणि डोळ्यात साधारण ९ सेंटिमीटर अंतर हवं.

वजनाचा हिशेब सरळ आहे. तीन किलोच्या रायफलमध्ये ४५० ग्रॅम भर घातली तर धक्क्याची ऊर्जा सुमारे १३ टक्के घटते. पण दिवसभर डोंगर चढणाऱ्याला हा सौदा पटेलच असं नाही.

काडतुसाशी खेळ

हलकी गोळी किंवा कमी धक्क्याची तयार काडतुसं हा सगळ्यात स्वस्त उपाय. त्यांचा पल्ला कमी असतो, तेवढं लक्षात ठेवून जवळूनच बार काढायचा. स्वतः काडतुसं भरणाऱ्यांनी मात्र सावकाश जळणारी दारू मनाने कमी करू नये. किमान मापाच्या खाली गेल्यावर दाब घटण्याऐवजी एकदम धोकादायक पातळीवर उसळल्याची उदाहरणं आहेत.

आणि टेबलावर ओणवं होऊन दहा-वीस बार काढून रायफलला नावं ठेवू नका. तिथे शरीर मागे सरकू शकत नाही, सगळा मार खांदा खातो. उभं राहून किंवा गुडघ्यावर बसून, रायफल खांद्यात घट्ट दाबून पुन्हा बघा.