रुग्णालयाच्या औषधयादीचा अग्रक्रम कसा ठरवावा

सरकारी रुग्णालयासाठी औषधांची यादी करायला बसलेली समिती बहुधा आरंभीच चुकते, कारण ती औषधांपासून सुरुवात करते. पुरवठादारांची दरपत्रके समोर घेऊन निवड करू लागले की ज्याचा प्रतिनिधी वरचेवर येतो ते औषध आपोआप वर सरकते. त्याऐवजी गेल्या दोन-तीन वर्षांच्या बाह्यरुग्ण आणि आंतररुग्ण नोंदवह्या, मृत्यूंची कारणे आणि जिल्हा रुग्णालयाकडे रेफर केलेल्या रुग्णांच्या चिठ्ठ्या आधी वाचाव्यात. कोकणातल्या एखाद्या तालुक्यात त्या वाचल्या, तर विंचू आणि फुरसे चावून आलेले रुग्ण डोळ्यांत भरतील. शहरातल्या दाट वस्तीत क्षयाची पाने अधिक असतील. यादीची पहिली ओळ या नोंदींतून यावी.

रोग ठरले की त्यांवरच्या प्रत्येक उपायाबाबत विचारावे : याने गुण येतो याचा पुरावा काय, आणि तो आपल्यासारख्याच रुग्णांवर मिळालेला आहे का? महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरले. ही रक्तदाबावरची जुनी, स्वस्त गोळी. पण तिने कोकणातले कितीतरी जीव वाचवले. पुढे विंचवाचे प्रतिविष उपलब्ध झाल्यावर त्यांनी दोन्हींची तुलना केली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ७० रुग्ण होते. प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही मिळालेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, तर नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८. अशी तुलना हाती असली की प्रतिविषावरचा जादा खर्च कशासाठी करायचा हे समितीला नेमके सांगता येते, आणि जिथे प्रतिविष पोहोचत नाही तिथे निदान गोळी तरी संपू देता कामा नये, हेही त्यातूनच कळते.

खर्चाचा हिशेब गोळीमागे किंवा कुपीमागे न करता बऱ्या झालेल्या रुग्णामागे करावा. सर्पदंशाच्या प्रतिविषाचा सुरुवातीचा डोसच बहुधा दहा कुप्यांचा असतो. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात तीन कुप्या असणे म्हणजे औषध असणे नव्हे. रात्री रुग्ण घेऊन आलेल्या नातेवाइकांना तिथून पुढच्या गाडीची वाट बघावी लागते. द्रवरूप प्रतिविष २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावे लागते, म्हणून जिथे पावसाळ्यात वीज वरचेवर जाते तिथे भुकटीच्या रूपातले घ्यावे. सोबत रिॲक्शन आल्यास लागणारे ॲड्रेनलिन आणि ते देऊ शकणारा माणूसही मोजावा. राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतही प्रत्येक औषध प्राथमिक, द्वितीय की तृतीय स्तरावर, म्हणजे आरोग्य केंद्रात, जिल्ह्याच्या रुग्णालयात की त्याहून मोठ्या रुग्णालयात हवे, हे लिहिलेले असते. ती खूण न बघता यादी उतरवून काढणे ही मोठी चूक होय.

दोन वेगळ्या रोगांवरच्या उपायांत निवड करायची झाल्यास किती खर्चात चांगल्या तब्येतीचे एक वर्ष वाढते, हे माप वापरतात. इंग्लंडमध्ये ते रुळलेले आहे. भारतातही २०१७ पासून आरोग्य संशोधन विभागाच्या अखत्यारीत असे मूल्यमापन होते. मात्र आजचा दर कायमचा समजू नये. एचआयव्हीच्या औषधांचा वार्षिक खर्च रुग्णामागे दहा हजार डॉलरच्या वर असताना २००१ मध्ये सिप्ला या भारतीय औषध कंपनीने ती ३५० डॉलरला देऊ केली, आणि २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशी औषधे आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. गुण सिद्ध झालेला असेल तर औषध यादीत घ्यावे आणि मग दरासाठी नेटाने घासाघीस करावी, असे माझे ठाम मत आहे.

दुर्मीळ आजार या मापात नेहमीच मागे पडतात. त्या घरांतल्या आईवडिलांना सरासरी ऐकवणे क्रूरपणाचे आहे, आणि सर्वांच्या औषधांचे पैसे एका इंजेक्शनकडे वळवणेही न्यायाचे नाही. त्यांच्यासाठी निधी वेगळाच ठेवावा. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणाखालील मदत हे त्याचे उदाहरण आहे.

यादीत भर घालणे सोपे असते, वगळणे अवघड. २०२२ च्या राष्ट्रीय यादीत ३८४ औषधे होती. त्या वेळी ३४ नवी आली आणि आम्लपित्तावरच्या, घरोघरी ठाऊक असलेल्या रॅनिटिडीनसह २६ गेली. म्हणून प्रत्येक बैठकीत काय काढायचे हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर आधीच लिहावा. औषध कंपन्यांशी असलेले हितसंबंध सदस्यांनी बैठकीपूर्वी लेखी कळवावेत, आणि घेतलेल्या व वगळलेल्या प्रत्येक औषधाचे कारण दोन ओळींत साध्या मराठीत लिहून, पुढील फेरविचाराच्या तारखेसह, औषध मिळते त्या खिडकीशेजारी लावावे.