पंक्चर काढण्याआधी काटा शोधा

काल पंक्चर काढलेलं सायकलचं चाक आज सकाळी पुन्हा बसलं, की दोष पॅचवर किंवा पंक्चरवाल्यावर ढकलला जातो. बहुतेक वेळा पॅच शाबूत असतो आणि काटा टायरमध्येच राहिलेला असतो. म्हणून भोक सापडल्यावर लगेच सोल्युशनची, म्हणजे पॅच चिकटवायच्या डिंकाची, ट्यूब उघडू नका. ते भोक कशाने पडलं हे आधी ठरवा.

हवा रात्रभरात हळूहळू जात असेल तर चाक खोलण्याआधी व्हॉल्व्ह तपासा. हवा भरा, व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकी लावा आणि अर्धा मिनिट बघा. बुडबुडा फुगला तर ट्यूबला हात लावायची गरजच नाही. साध्या काळ्या सायकलीच्या व्हॉल्व्हमध्ये एक बारीक रबरी नळी असते, तिला दुकानात व्हॉल्व्ह ट्यूब म्हणतात. ती उन्हाने चिकट होते किंवा चिरते. जुनी ओढून काढा, नवी थोडी ओली करून दांडीवर सरकवा. दांडीच्या कडेचं भोक पूर्ण झाकलं गेलं पाहिजे. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर आतली पिन सैल असते, ती पिनेच्या चावीने आवळा. बारीक, लांब प्रेस्टा व्हॉल्व्हच्या काही प्रकारांत आतला भाग पंपाच्या नळीबरोबर फिरून ढिला होतो. तोही हलकेच आवळायचा.

व्हॉल्व्ह ठीक असेल तर टायर काढा, पण त्याआधी टायरवरचं कंपनीचं नाव व्हॉल्व्हच्या समोर आहे का बघा. नसेल तर व्हॉल्व्हपाशी टायरवर खडूने खूण करा आणि ट्यूबची कोणती बाजू चेनकडे होती तेही लक्षात ठेवा. ही खूण नसेल तर पुढचा सगळा शोध अंदाजपंचे होतो. उरलेली हवा सोडा, टायरच्या दोन्ही कडा चिमटून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला, मग व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूला लिव्हर, म्हणजे टायरची कड उचलायची चपटी पट्टी, घाला. स्क्रू-ड्रायव्हर नको, त्याने ट्यूबला दुसरं भोक पडतं. मडगार्ड आणि चेनकव्हर असलेल्या सायकलीचं मागचं चाक काढत बसू नका. पंक्चरवाले करतात तसं टायर एका बाजूने उघडून ट्यूब बाहेर ओढली तरी भागतं.

ट्यूब फुगवून गालाजवळून फिरवा, मोठं भोक वाऱ्याने कळतं. नाहीतर घमेल्यात पाणी घेऊन थोडी थोडी बुडवत जा. एक भोक सापडलं तरी पूर्ण फेरी करा. भोकाभोवती बॉलपेनने मोठी फुली मारा, नाहीतर घासताना खूण पुसली जाते आणि भोक हरवतं.

आता भोक कुठे आहे ते बघा. रस्त्याकडच्या बाजूला एकच बारीक भोक म्हणजे काटा, काच किंवा तार. पुण्यात वेताळ टेकडी आणि तळजाईच्या पायवाटांवर बाभळीचे काटे असतात. पावसाळा सरला की रस्त्याकडेच्या वाळलेल्या गवतात सराटे. कात्रज-देहूरोड बाह्यवळणाच्या कडेने जाणाऱ्यांना ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसासारख्या तारा छळतात. पावसात काचेने पंक्चर जास्त होतात, कारण ओल्या रबरात काच सहज घुसते आणि वाहत्या पाण्याबरोबर सगळा कचरा कडेला, म्हणजे नेमका सायकलवाल्यांच्या वाटेत येतो.

शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर काटा शोधू नका. हवा कमी होती आणि चाक खड्ड्याच्या धारेवर, खचलेल्या ड्रेनेजच्या झाकणावर किंवा पेव्हर ब्लॉकच्या कडेवर आदळलं. ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटली. उपाय पंपातच आहे. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिम टेप (रिमच्या आतली पट्टी) सरकली आहे किंवा एखादा आरा निपलच्या, म्हणजे त्याला रिममध्ये धरणाऱ्या छोट्या नटाच्या, वर आला आहे. तो कानशीने घासून सपाट करा आणि टेप बदला. व्हॉल्व्हच्या बुडाशी चीर असेल तर ट्यूब फेकून द्या, तिथे पॅच टिकत नाही.

काट्याचा संशय असेल तर ट्यूब टायरवर खुणेप्रमाणे धरा म्हणजे जागा कळेल. त्या जागी टायर बाहेरून वाकवून चिरा उघडून बघा, काच सुईने किंवा टोकदार चिमट्याने काढा. मग पूर्ण टायर आतून चाचपा. बोट सावकाश फिरवा. कापसाचा बोळा फिरवला तर आणखी बरं, धागे जिथे अडकतील तिथे काहीतरी आहे. काटा बऱ्याचदा बाहेरून तुटलेला असतो आणि आत मिलिमीटरभर टोक उरतं. हवा भरून चाकावर भार आला की तेच ट्यूबला टोचतं, म्हणूनच दुकानातून ठणठणीत निघालेली सायकल घरी येईपर्यंत बसते.

ट्यूब कोरडी करून पॅचपेक्षा थोड्या मोठ्या भागावर पॉलिश पेपर मारा. चकाकी गेली पाहिजे, आणि ट्यूबवरची उभी शिवण भोकाजवळून जात असेल तर ती पूर्ण सपाट झाली पाहिजे. शिवणीच्या कडेने हवा निसटते. सोल्युशनचा पातळ थर द्या आणि तीन ते पाच मिनिटं थांबा. घाई इथेच नडते. फुंकर मारू नका, श्वासातली वाफ त्यावर बसते. पावसाळी हवेत थोडा जास्त वेळ द्या. चमक जाऊन थर बोटाला न लागण्याइतका सुकला की पॅच मधून बाहेर दाबत बसवा. उरलेल्या चिकट भागावर टाल्कम पावडर लावा, नाहीतर ट्यूब टायरला आतून चिकटते. सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की बंद करूनही काही महिन्यांत सुकते, त्यामुळे प्रवासाला जाण्याआधी दाबून बघा.

बसवताना ट्यूबमध्ये आकार येईल एवढीच हवा असू द्या. टायरची कड व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने आत ढकलायला सुरुवात करा आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करा. शेवटचा भाग अंगठ्यांनीच बसवा. मग व्हॉल्व्ह एकदा आत दाबून सोडा, म्हणजे तिथे कडेखाली अडकलेली ट्यूब सुटते. दोन्ही बाजूंनी ट्यूब कुठे डोकावत नाही ना बघा. अर्धी हवा भरा, टायरच्या कडेची रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे ना पाहा, मगच पूर्ण भरा.

किती भरायची ते टायरच्या कडेला छापलेलं असतं. साधारण ७० किलोच्या माणसाला ७००x२५-२८ साठी ८० ते ९५ पीएसआय, ७००x३५-३८ साठी ५० ते ६५, आणि दोन इंची एमटीबी (माउंटन बाइक) टायरला ३५ ते ४५ पुरते. बारीक टायरची हवा दर आठवड्याला बघा. पेट्रोल पंपावर सायकलची ट्यूब क्षणात भरते, त्यामुळे थोडं थोडं दाबत भरा.

टायरलाच मोठी चीर गेली असेल तर आतून जुन्या टायरचा तुकडा लावा. वाटेत काहीच नसेल तर दुधाच्या पिशवीच्या चार-पाच घड्याही घरापर्यंत नेतात. टायरचे धागे बाहेर दिसू लागले असतील तर टायर बदला; मागचा आधी झिजतो, तेव्हा नवा पुढे लावा आणि पुढचा मागे आणा.