उन्हाळी टोमॅटो-मिरचीची रोपं उन्हाला तयार कशी करायची

मार्च-एप्रिलमधे लावलेल्या रोपांची पानं पांढरी कागदासारखी झाली की पहिलं सगळे म्हणतात पाणी कमी पडलं. बऱ्याचदा पाणी पुरेसं असतं हो, खरा त्रास उजेडाचा असतो. कडक उन्हात पान पाणी वाचवायला छिद्रं मिटून घेतं, मग कार्बन डायऑक्साइड आत येत नाही पण ऊन तर चालूच, आणि त्या जादा ऊर्जेतून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असली ऑक्सिजनची जहाल रूपं तयार होतात जी पेशीचा पापुद्रा आणि हरितद्रव्य दोन्ही जाळतात.

रोपाकडे यावर स्वतःचा बंदोबस्त असतो. सुपरऑक्साइड डिसम्यूटेज नावाचं एन्झाइम (1969 साली मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी ओळखलं, तेही गुरांच्या रक्तात!) सुपरऑक्साइडचं पेरॉक्साइड करतं, पुढे कॅटलेज आणि अस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज त्याचं साधं पाणी करून टाकतात. यातलं दुसरं त्यासाठी व्हिटॅमिन सी खर्च करतं, आणि सावलीत वाढलेल्या पानात हा साठा मुळातच कमी असतो, म्हणून शेडनेटमधलं रोप थेट उन्हात नेलं की भाजतं.

तर सगळ्यात महत्त्वाचं काम हार्डनिंग, म्हणजे रोपाला हळूहळू उन्हाची सवय लावणं, आणि नेमकं तेच घाईत राहून जातं. लागवडीच्या 7 ते 10 दिवस आधी ट्रे बाहेर काढायला लागा, सुरुवातीला फक्त सकाळचं कोवळं ऊन, मग रोज थोडं वाढवत दुपारपर्यंत न्या. पाणी तोडायचं पण बेतानं, पानं जराशी मलूल झाली की द्यायचं, माना टाकेपर्यंत थांबायचं नाही. युरिया या दिवसांत बंद. टोमॅटोच्या खोडावर जांभळट झाक आली, पान जाड आणि गडद झालं की रोप तयार समजा, ती झाक अँथोसायनिन या रंगद्रव्याची, तेही उन्हापासून राखणच करतं. लागवड संध्याकाळीच करा.

या एन्झाइमांना धातू लागतात, जस्त, तांबं, मँगनीज, लोह. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत जस्त आणि लोह असूनही मुळांना मिळत नाही. नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर चिलेटेड (म्हणजे रोपाला सहज घेता येईल अशा रूपातलं) लोह द्या, पानं बारीक राहत असतील तर चिलेटेड झिंक लिटरला अर्धा ग्रॅम फवारा. तांबं सहसा वेगळं लागत नाही, बुरशीनाशकातून जातंच.

उष्णतेची लाट येणार म्हटलं की सॅलिसिलिक ॲसिड चालतं, 15 लिटरच्या पंपाला साधारण 1 ग्रॅम, आधी थोड्या स्पिरिटमधे विरघळवून, संध्याकाळी, आणि पहिल्यांदा चार-पाच झाडांवर मारून बघा. हे औषध झाडाला हलकासा इशारा देतं आणि झाड आपली एन्झाइमं वाढवतं, त्यामुळे लाट यायच्या आधीच द्यायला हवं. डोस वाढवलात तर तोच इशारा पान जाळतो, म्हणून "जरा जास्त टाकू" हे इथे अजिबात नको. मोठमोठे दावे करणाऱ्या महागड्या बाटल्यांपेक्षा मला हार्डनिंग आणि झिंक जास्त भरवशाचं वाटतं.

फळं लागल्यावर पश्चिमेकडची पानं छाटू नका, दुपारनंतरचं ऊन थेट फळावर पडलं की ती बाजू पांढरी पडून बसते. 32 अंशांच्या वर लायकोपीन, म्हणजे टोमॅटोचं लाल रंगद्रव्यही नीट तयार होत नाही, फळ पिवळट राहतं, म्हणून पश्चिमेच्या बांधाला मक्याच्या दोन ओळी टोमॅटोच्या आधीच टाकून ठेवा.