‘आय. ई.’ की ‘ई. जी.’? मराठी शब्द ठेवून पाहावा

इंग्रजीत सूचना किंवा अर्ज लिहिताना ‘आय. ई.’ आणि ‘ई. जी.’ यांची अदलाबदल फार सहज होते, म्हणून कागद पुढे देण्यापूर्वी त्या जागी मराठी शब्द ठेवून वाक्य एकदा वाचावे. ‘आय. ई.’ म्हणजे लॅटिनमधील ‘इद एस्त’, आपले ‘म्हणजेच’, ‘ई. जी.’ म्हणजे ‘एक्सेम्प्ली ग्रातिया’, आपले ‘उदाहरणार्थ’. म्हापशातील एखाद्या सोसायटीने भाडेकरूंसाठीच्या सूचनेत ‘रहिवासाचा पुरावा, आय. ई. वीजबिल’ असे लिहिले, तर वीजबिलाखेरीज दुसरे काहीच चालणार नाही असा अर्थ होतो आणि गॅसजोडणीची पावती घेऊन आलेला माणूस विनाकारण परत जातो. तिथे ‘ई. जी.’च हवे. त्या यादीच्या शेवटी मग ‘एट्सेट्रा’ जोडू नये, कारण ‘उदाहरणार्थ’मध्ये ‘इत्यादी’ आलेच.

अक्षरे पाहून अर्थाचा अंदाज मात्र बांधू नये. जुन्या गोव्यात १५९४ साली बांधायला घेतलेल्या बॉम जेझूस बासिलिकेच्या दर्शनी भागावरील ‘आय. एच. एस.’ ही अक्षरे पुष्कळांना लॅटिन शब्दांची आद्याक्षरे वाटतात. मुळात ती येशूच्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरे आहेत. नेमकी नावे सांगण्यापूर्वी इंग्रजीत लिहिल्या जाणाऱ्या ‘व्हिझ.’ (अर्थात ‘म्हणजे’) या संक्षेपातील शेवटचे ‘झेड’ही मूळ ‘व्हिदेलिसेत’ या शब्दात कुठेच नाही. ती जुन्या लेखनिकांची संक्षेपाची खूण असून, वाचताना तिथे ‘नेम्ली’ म्हणावे.