बेळगाव भागात अपघाताच्या भरपाईचा दावा कसा करावा

आमच्या काकांच्या मोटरसायकलला संकेश्वरच्या अलीकडे मागून टेम्पोने ठोकरलं. रस्त्यावरच्या एका पोराने त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? पोरगं बिचारं घाबरलेलं, म्हणालं, ‘गाडीवरून पडले.’ कागदावर तेवढंच आलं. पुढे कोर्टात विमा कंपनीचा वकील प्रत्येक तारखेला तोच कागद पुढे करायचा. हे स्वतःच पडलेत, टेम्पोचा संबंध नाही, असं त्याचं म्हणणं. त्या एका ओळीने आम्हाला तीन वर्षं छळलं. म्हणून सुरुवात दवाखान्यापासून करतो.

जखमीला आधी उपचार मिळू देत. ११२ किंवा १०८ ला फोन करा, हायवेवर असाल तर १०३३ ला. मदत करणाऱ्याला पोलीस जबरदस्तीने साक्षीदार करू शकत नाहीत, कायद्यानेच त्याला संरक्षण दिलंय. केंद्राच्या २०२५ च्या योजनेत नेमलेल्या दवाखान्यांत अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळतात. त्यामुळे भरती करतानाच तशी विचारणा करा. मग जो कोणी शुद्धीवर आहे त्याने डॉक्टरांना सांगायचं वाक्य एकच: ‘अमुक गाडीने धडक दिली, हा अपघात आहे, एमएलसी करा.’ एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची दवाखान्यातली नोंद. गाडीचा नंबर माहीत असेल तर तोही लिहायला लावा. घरच्यांनी दुसऱ्या दिवशी केसपेपर मागून वाचावा. चूक असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

यानंतर पोलीस स्टेशन. आपल्या भागातली खरी अडचण इथे येते. फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाते आणि आपली माणसं, विशेषतः खेड्यातली, न वाचताच सही करतात. असं करू नका. लिहिलेलं वाचून दाखवा, असं नम्रपणे पण ठामपणे सांगा. वाचता येणारा एखादा शेजारी किंवा कॉलेजात शिकणारी पोरगी सोबत न्या. कागदावर ‘प्रथम वर्तमान वरदी’ लिहिलेलं असतं, तोच एफआयआर. पंचनाम्याला इथे ‘महजर’ म्हणतात. त्यात पाहायच्या गोष्टी चार: तारीख-वेळ, जागा, धडक देणाऱ्या गाडीचा नंबर आणि चूक कोणाची लिहिली आहे. फिर्याद देणाऱ्याला एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

उसाच्या हंगामात जास्त डोळे उघडे ठेवायला हवेत. अंधारात, मागे दिवा नसलेली ट्रॉली रस्त्याकडेला उभी असते आणि दुचाकीवाला जाऊन धडकतो. अशा वेळी ट्रॅक्टरचा आणि ट्रॉलीचा, दोन्हींचे नंबर टिपा, कारण दोघांचे विमे वेगळे असू शकतात. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता, हे दाखवणारा फोटो तिथेच काढा. नाहीतर ‘दुचाकीवाल्याचीही चूक’ म्हणून भरपाई कापली जाते. आणि ट्रॉलीत बसून लग्नाला किंवा बाजाराला जाणाऱ्या माणसांची जोखीम त्या गाडीचा विमा सहसा घेत नाही. सगळा बोजा मालकावर पडतो, आणि मालकाकडे असतंच काय?

धडक देऊन गाडी पळाली आणि सापडलीच नाही, तरी हात टेकू नका. गंभीर जखमीला ५० हजार आणि मृताच्या वारसांना २ लाख रुपये मिळतात. त्यासाठी प्रांत किंवा तहसीलदार कचेरीत अर्ज करावा लागतो.

दावा कुठे करायचा, याबाबत सीमाभागातल्या माणसाच्या मनात फार गोंधळ असतो. अपघात शिनोळीच्या पुढे चंदगड तालुक्यात झाला, उपचार बेळगावात, गाडीमालक गडहिंग्लजचा. मग कोर्ट कुठलं? मोटार वाहन कायदा निवड तुमच्यावर सोडतो: जिथे अपघात झाला तिथे, जिथे तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे. म्हणजे खानापूरच्या माणसाला कोल्हापूरच्या खेपा घालायची गरज नाही. फक्त महाराष्ट्र पोलिसांचे मराठी कागद इथल्या कोर्टात भाषांतर करून जोडावे लागतात. मुदत अपघातापासून ६ महिन्यांची आहे. हाड सांधायलाच चार महिने जातात, तेव्हा बरं होईपर्यंत थांबू नका, दावा आधी दाखल करा.

वकील निवडताना दोन गोष्टी. दवाखान्यात कॉटपाशी येऊन कोऱ्या वकीलपत्रावर सही मागणाऱ्याला ती देऊ नका. आणि भरपाईत टक्केवारी घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, म्हणून फी आधी ठरवून लिहून घ्या. ऐपत नसेल तर जिल्हा कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, मुलं, अपंग आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यांचा फोन १५१००.

रक्कम कशी ठरते? समजा ३८ वर्षांचा गवंडी, महिना १५ हजार कमावणारा. पाय आखडल्यामुळे त्याची कमाईची ताकद २० टक्के घटली असं कोर्टाने मानलं. वर्षाचे १ लाख ८० हजार, त्या वयाला कोर्ट ज्या आकड्याने गुणतं तो गुणक १५, म्हणजे २७ लाख, आणि त्याचे २० टक्के ५ लाख ४० हजार. औषधांचा खर्च, बुडालेली मजुरी, सोबत राहिलेल्या माणसाचा खर्च आणि सोसलेल्या वेदना वेगळ्या. डॉक्टर पायाचं अपंगत्व सांगतो, कोर्ट मात्र त्याने तुमच्या कामावर काय परिणाम झाला ते बघतं. म्हणून ठेकेदाराची हजेरीवही, बँकेचं पासबुक, गावच्या सोसायटीचा उतारा, जे असेल ते जपा. औषधाच्या पावतीची शाई उडते, तिची झेरॉक्स लगेच काढा.

रस्त्यावर नव्हे, तर इमारतीत किंवा आवारात अपघात झाला, जसं की भिंत कोसळली, तर वाट वेगळी. गाडीच्या अपघाताचे दावे ऐकणारं कोर्ट, म्हणजे मोटार अपघात न्यायाधिकरण, तिथे चालत नाही, दिवाणी दावा करावा लागतो. कामावर असताना लागलं असेल तर मालकाविरुद्ध कामगार भरपाईचा. पडलेल्या विजेच्या तारेचा शॉक बसला तर आधी १९१२ ला कळवा आणि विद्युत निरीक्षकाचा अहवाल मागा. अशा प्रकरणात वीज कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध करत बसावं लागत नाही. जागेचे फोटो मात्र दुरुस्ती व्हायच्या आत हवेत. दुसऱ्या दिवशी तिथे नवं सिमेंट दिसतं.

शेवटी लोकअदालतीत विमा कंपनी आकडा सांगते. पैसे लवकर मिळतात, त्यामुळे मोह होतो, आणि कित्येकदा तो आकडा घेण्यासारखाही असतो. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. पायात रॉड असेल आणि तो काढायचं ऑपरेशन बाकी असेल, तर त्याच्या खर्चाचा अंदाज डॉक्टरांकडून लिहून घ्या. तो कागद हातात आल्याशिवाय तडजोडीवर सही करू नका.